दूध भरपूर पण गाय सारखी उलटते, तिच्या आईचंही तेच: रक्तातलं आहे की गोठ्यातलं, हे कसं शोधायचं

एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय, दुसरं-तिसरं वेत, २५ लिटरच्या आसपास दूध, माज येतोय, सोट म्हणजे माजाचा चिकट स्राव स्वच्छ, डॉक्टरांनी हात घालून पाहिलं तर पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, काही दोष नाही, आणि तरी तीन-चार वेळा भरवून, म्हणजे रेतन करून, गाय उलटतेच, गाभण न राहता पुन्हा माजावर येते. मग पुढचं सगळं ठरलेलं असतं, पिशवी धुवून घ्या, इंजेक्शन मारा, महागडी इम्पोर्टेड कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, टाकून बघा, आणि तेवढ्यानंही नाही जमलं की घरातलं एखादं जुनं माणूस सांगतं की हिची आई पण अशीच होती, हे घराणंच उलटणारं आहे. त्या बोलण्यात तथ्य आहे, पण जेवढं वाटतं तेवढं नाही, आणि किती आहे हे कळल्याशिवाय पुढचा पैसा खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे.

कारण सरळ आहे. उभ्या गाईच्या रक्ताला औषध नाही. तिच्यात जे अनुवंशिक आहे ते तसंच राहणार, ते सुधारायचं तर तिच्या पोटी येणाऱ्या कालवडीत, म्हणजे कांडी निवडताना. आणि जे गोठ्यातलं आहे, माज ओळखणं, वेळ, कांडी हाताळणं, खुराक, ऊन, ते याच गाईवर पुढच्या माजाला सुधारता येतं. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात, उभ्या गाईवर रक्ताचा दोष म्हणून हात टेकतात आणि कांडी निवडताना फक्त दूध बघतात.

आधी वही काढा. वही नसेल तर आजपासून सुरू करा, पण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. मी पाहिलेल्या एका वहीतलं पान सांगतो. गाय चांदी, ३ मार्चला भरवली, २४ मार्चला पुन्हा, २५ एप्रिलला पुन्हा, ६ मेला पुन्हा. मालक म्हणतो चार वेळा भरवली, उलटतेय. पण तारखांमधलं अंतर मोजा. पहिलं २१ दिवस, दुसरं ३२ दिवस, तिसरं ११ दिवस. ही एकच तक्रार नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

१८ ते २४ दिवसांत गाय परत माजावर आली तर एकतर गर्भ धरलाच नाही नाहीतर पहिल्या दोन आठवड्यांतच गेला. गर्भ जिवंत आहे हा निरोप गाईच्या शरीराला साधारण १६ व्या दिवशी मिळावा लागतो, तो नाही मिळाला की ती ठरल्या वेळेला माजावर येते. २५ ते ३५ दिवसांनी आली तर बहुतेक वेळा गर्भ धरला होता, निरोपही पोचला होता, आणि नंतर गेला. ३६ ते ४८ दिवस म्हणजे मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटला असण्याची शक्यता जास्त. आणि ११ दिवस म्हणजे दोनपैकी एका वेळी गाय माजावरच नव्हती, तरी भरवली. चांदीचं त्यामुळे चार वेळा उलटली असं म्हणणंच चूक आहे, एक वाया गेलेली कांडी, एक धरून गेलेला गर्भ, आणि एकच खरंखुरं उलटणं.

आणखी एक, त्या पानावर चौथा रकाना होता कांडीचा, आणि त्यात एवढंच लिहिलं होतं, इम्पोर्टेड. वळूचा नंबर नाही. रक्ताचा प्रश्न सोडवायचा एकमेव धागा तिथेच तुटला. प्रत्येक कांडीवर वळूचा नंबर, जात, सिमेन स्टेशन (कांडी जिथे भरली ते वीर्यकेंद्र) आणि तारीख छापलेली असते, रेतन झालं की रिकामी कांडी फेकू नका, पुसून वहीच्या त्याच पानाला टेपनं चिकटवा. कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावर भारत पशुधन या सरकारी नोंदप्रणालीत नोंद होते, ती करणाऱ्यानं बरोबर केली तर उत्तमच, पण वहीत कांडी असली की कुणावर अवलंबून राहायला लागत नाही.

आता गोठ्यातलं तपासा. यात मी प्रत्येक गोष्टीवर लांबण लावत नाही, पण माजाच्या वेळेवर जरा थांबतो, कारण दुधाचं रक्त आणि गाभण राहणं यांची पहिली गाठ इथेच पडते.

जास्त दुधाची गाय खातेही खूप. खाणं वाढलं की लिव्हरमधून रक्त जास्त फिरतं, आणि लिव्हर माजाची संप्रेरकं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, भराभर मोडून टाकतं. म्हणजे बीजांडकोशावर बीजाचा फुगवटा चांगला मोठा असूनही रक्तात इस्ट्रोजेन कमी राहतं, माज बारीक आणि आखूड होतो. अमेरिकेत होल्स्टिनवर जे मोजमाप झालंय त्यात खूप दुधाच्या गाईंचा माज सरासरी ६ तासांच्या आसपास भरला, कमी दुधाच्या गाईंचा जवळजवळ ११ तास. आता विचार करा, संध्याकाळची धार झाली, लाईट बंद झाली, गाय रात्री ११ ला माजावर आली आणि पहाटे ५ ला शांत झाली. तुम्हाला दिसणार काय? आपण त्याला मुका माज म्हणतो पण बऱ्याच वेळा तो मुका नसतो, आपण झोपलेलो असतो. गाय दावणीला बांधलेली असेल तर दुसऱ्या गाईवर चढणं, चढू देणं हेही दिसत नाही. म्हणून रात्री झोपताना एकदा आणि पहाटे धारेच्या आधी एकदा, १५-२० मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, आणि शक्य असेल तर दिवसातून काही वेळ मोकळं सोडायचं.

शेपटीला किंवा मांडीला रक्ताचा डाग दिसला की काही जण घाईनं डॉक्टरांना बोलावतात. तो डाग म्हणजे माज होऊन एक-दोन दिवस उलटून गेलेत, आता भरवण्यात काही अर्थ नाही. तारीख लिहा आणि साधारण १८-१९ दिवसांनी त्या गाईवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.

वेळेचा नियम जुनाच, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बीज सुटतं ते माज सुरू झाल्यापासून साधारण २५ ते ३० तासांनी. कांडी पाण्यात सोडायची ती ३७ अंशाच्या, कमीत कमी ३० सेकंद, थर्मामीटर लावून. कॅनमधल्या द्रव नायट्रोजनमध्ये ती उणे १९६ अंशावर असते, आणि कॅनच्या तोंडाशी वर ओढून नंबर शोधत बसलं की ती कांडीही बिघडते आणि तिच्याबरोबर वर आलेल्या बाकीच्याही. खिशात किंवा मुठीत धरून वितळवलेली कांडी माझ्या गाईला नको, असं स्पष्ट सांगायला लाजू नका, गरम पाण्याचा थर्मास आणि थर्मामीटर तुम्ही स्वतः तयार ठेवा.

व्याल्यावर गाय किती खंगली ते बघा. दूध वर चढतं आणि खाणं मागे राहतं, मग अंगावरची चरबी दुधात जाते. ज्या गाईच्या माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत आणि बरगड्या लांबून मोजता येतात ती गाय माजावर आली तरी गाभण राहायला कठीण. तिला इंजेक्शन नको असतं, खुराक हवा असतो, आणि तो व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांपासून सुरू करायला लागतो, व्याल्यावर दोन महिन्यांनी नाही. खनिज मिश्रण रोज, वर्षभर. गाभ पाचव्या महिन्यानंतर जात असेल तर तो विषय वेगळा, आधी ब्रुसेला या जंतूची रक्ततपासणी, आणि पडलेला गाभ किंवा जार उघड्या हातानं उचलायचा नाही, तो रोग माणसाला होतो.

ऊन. एप्रिल-मेमध्ये उलटणाऱ्या गाईंचा हिशेब वेगळा ठेवा. आणि पाऊस पडल्यावरही लगेच चमत्काराची अपेक्षा धरू नका, कारण जे बीज जूनमध्ये सुटणार आहे ते मेच्या उन्हात वाढलेलं असतं, त्याचा परिणाम ४०-५० दिवस रेंगाळतो. जास्त दुधाची गाय स्वतःच जास्त उष्णता तयार करते, म्हणून सगळ्यात आधी फटका तिलाच बसतो.

हे सगळं नीट असूनही उलटते का? मग रक्ताकडे वळू.

पहिल्यांदा आकडा. दुधाची अनुवंशिकता साधारण ०.३ धरतात, म्हणजे गाईगाईंमध्ये दुधाचा जो फरक दिसतो त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रक्ताचा. गाभण राहण्याची अनुवंशिकता ०.०४ च्या आसपास. १०० मधले ४. उरलेले ९६ मध्ये गोठा, माणूस, चारा, हवामान आणि नशीब. म्हणून आई उलटायची आणि मुलगीही उलटते हे खरं असलं तरी त्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हे असतं की दोघी एकाच गोठ्यात बांधल्या, माज एकाच माणसानं बघितला, चारा एकाच वैरणीचा आणि कांडी एकाच कॅनमधली. घराणं नाही, घर.

पण ०.०४ म्हणजे रक्ताचा काही संबंध नाही असं समजू नका, ही दुसरी चूक. एका गाईकडे बघून तिचं रक्त ओळखता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. एका वळूच्या हजारो मुली वेगवेगळ्या गोठ्यांत तपासल्या की गोठ्याचा परिणाम बाजूला निघतो आणि वळूवळूंमधला फरक चांगला ठळक दिसतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २००३ पासून वळूंना डीपीआर, म्हणजे मुलींच्या गाभण राहण्याच्या दराचा आकडा द्यायला सुरुवात केली. त्यातला १ पॉइंट म्हणजे मुली सरासरी ४ दिवस लवकर गाभण. एका वळूचा डीपीआर अधिक २ आणि दुसऱ्याचा उणे ३ असेल तर पहिल्याच्या मुली सरासरी २० दिवस आधी गाभण राहणार, त्याच गोठ्यात, त्याच चाऱ्यावर. २० दिवसांचा चारा-खुराक प्रत्येक वेताला, प्रत्येक गाईमागे, हा हिशेब तुम्हीच करा. आपल्या गोठ्यात आकडा तंतोतंत तेवढाच येईल असं नाही, पण वळूंचा क्रम उपयोगी पडतो.

मग हे बिघडलं कसं? दूध आणि गाभण राहणं यांचं रक्तातलं नातं उलटं आहे, एक वर ओढलं की दुसरं थोडं खाली सरकतं. फक्त दुधावर वळू निवडत गेलं की पिढ्यान्‌पिढ्या गाभण राहणं घसरत जातं, आणि अमेरिकेतल्या होल्स्टिनमध्ये १९६० पासून २००० पर्यंत नेमकं तेच झालं. नॉर्वेवाल्यांनी १९७० च्या दशकातच वळू निवडताना गाभण राहण्याला आणि आरोग्याला वजन दिलं, म्हणून त्यांची नॉर्वेजियन रेड त्या बाबतीत टिकून राहिली. अमेरिकेनं २००३ नंतर दिशा बदलली, २००९ पासून जिनोमिक निवड, म्हणजे डीएनए तपासून निवड, आली, आणि दूध वाढत असतानाही ती घसरण थांबून उलटी फिरली. म्हणजे दोन्ही एकत्र मिळू शकतं, फक्त दोन्ही मागायला लागतं.

काही ठिकाणी हे नातं एकाच जागी पकडलं गेलंय. उत्तर युरोपातल्या तांबड्या गाईंमध्ये १२ व्या गुणसूत्रावर डीएनएच्या साडेसहा लाखांहून जास्त अक्षरांचा एक तुकडा गळालेला सापडला, २०१४ मध्ये त्याचं संशोधन छापून आलं. तो दोष एका बाजूनं आला तर गाय दूध जास्त देते. आई आणि बाप दोघांकडून आला तर गर्भ सुरुवातीलाच मरतो. दूध बघून निवड करणारे लोक नकळत तो दोष जपत गेले.

होल्स्टिनचं उदाहरण तर आपल्या गोठ्यापर्यंत येतं, कारण तेच रक्त जगभर कांड्यांमधून फिरलंय. चीफ नावाचा, पूर्ण नाव पॉनी फार्म अर्लिंडा चीफ, १९६२ साली जन्मलेला अमेरिकन वळू. सुमारे १६ हजार मुली, दूध जबरदस्त, आजच्या होल्स्टिनच्या रक्तात त्याचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास. त्याच्यात एपीएएफ१ या जनुकाचा दोष होता, त्यालाच आता एचएच१ म्हणतात. दोन्हीकडून आला की गर्भ जगत नाही. २०११ मध्ये गुणसूत्रावरचा हा पट्टा सापडला, २०१६ मध्ये नेमकं जनुक नक्की झालं, आणि जगभरात त्यापायी ५ लाखांवर गर्भ गेले असा अंदाज आहे, नुकसान ४२ कोटी डॉलर. त्याच वळूनं दुधात त्याच्या कितीतरी पट मिळवून दिलं हेही तितकंच खरं. जर्सीमध्ये असाच जेएच१ नावाचा दोष आहे.

आता हे वाचून आपल्या गाईत एचएच१ असेल असं लगेच ठरवू नका, गणित करा. गाय वाहक, म्हणजे दोष एका बाजूनं आलेली, वळूही वाहक, तरी चारात एकच गर्भ मरतो. लागोपाठ चार वेळा तोच वाहक वळू वापरला तरी चारही वेळा मेलेलाच गर्भ निघण्याची शक्यता २५६ मध्ये १. वेगवेगळ्या वळूंच्या कांड्या टाकून पाच वेळा उलटलेली गाय असल्या एका दोषानं उलटत नाही, तिचं कारण वरच्या यादीतच शोधा. या दोषाची खूण वेगळी असते, संपूर्ण गोठ्यात एका ठरावीक वळूच्या कांडीवर जास्त गाई उलटतात, किंवा २५ ते ३५ दिवसांनी आणि त्याहूनही उशिरा गाभ जातो, आणि वळू बदलला की त्याच गाई गाभण राहतात. म्हणून ती चिकटवलेली कांडी महत्त्वाची.

जवळच्या नात्यात भरवणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सहज टाळता येणारा दोष आहे. एक कांडी गावात चालली की कॅनमध्ये वर्षानुवर्षं तोच वळू राहतो, त्याची मुलगी दीड-दोन वर्षांत माजावर येते आणि तिला बापाचीच कांडी पडते. २५ टक्के अंतःप्रजनन. सावत्र भावाची पडली तर साडेबारा. लपलेले दोष अशा वेळी दोन्हीकडून एकत्र येतात, गर्भ धरत नाही, धरला तर टिकत नाही, वासरू झालं तर अशक्त. कालवडीच्या बापाचा नंबर तुमच्या वहीत असेल तर हे एका मिनिटात टळतं.

कालवड मोठी झाली, कधी माजावरच आली नाही, तर पहिला प्रश्न, जुळी होती का आणि जोडीला गोऱ्हा होता का. तशा जुळ्यातल्या १० पैकी ९ हून जास्त कालवडी वांझ असतात, पोटात असतानाच गोऱ्ह्याचं रक्त मिसळून जननेंद्रियं नीट तयार होत नाहीत. तिच्यावर एक रुपयाही औषधाला घालू नका, पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टर सांगतील.

कांडी घेताना विचारायचं काय. दुधाच्या आकड्याबरोबर डीपीआर मागा, शून्याच्या खाली असेल तर कितीही दूध लिहिलेलं असो, सोडून द्या, असं मी सांगतो. एचएच१ आणि बाकीच्या दोषांपुढे कॅरिअर, म्हणजे वाहक, लिहिलंय का बघा. एससीआर नावाचा आणखी एक आकडा असतो, त्याची डीपीआरशी गल्लत करू नका, एससीआर म्हणजे त्या वळूच्या कांडीवर गाय गाभण राहण्याची शक्यता, डीपीआर म्हणजे त्याच्या मुली पुढे जाऊन गाभण राहण्याची. आज गाय लागावी म्हणून पहिला, पुढची पिढी नीट निघावी म्हणून दुसरा. देशातल्या मान्यताप्राप्त सिमेन स्टेशनवर एचएफ वळूंची गुणसूत्रं तपासलेली असतात, ब्लॅड, सिट्रुलिनेमिया, डम्प्स अशा अनुवंशिक दोषांच्या चाचण्याही झालेल्या असतात, तेव्हा कांडी कुठली आहे हे न सांगणाऱ्याकडून घेऊच नका.

उलटणाऱ्या गाईला सेक्स्ड कांडी, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून शुक्राणू निवडून भरलेली, टाकू नका. त्यात शुक्राणू नेहमीच्या कांडीच्या मानानं फारच कमी असतात, मादी वासरू ९० टक्के मिळतं पण गर्भ धरण्याचं प्रमाण कमीच राहतं. ती तंदुरुस्त कालवडीला टाका.

आणि विदेशी रक्ताचा टक्का. साधारण ५० ते ६२.५ टक्क्यांपर्यंत ठेवा ही शिफारस आपल्याकडे जुनी आहे आणि ती उगाच नाही. एचएफवर एचएफ चढवत गेलं की टक्का ८७, ९३ असा वर जातो, पहिल्या संकरातला जोम निघून जातो, आणि सोलापूर-नगरच्या उन्हात पत्र्याखाली बांधलेली ती गाय दूध देते पण लागत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले त्रिवेणी तयार केली त्यात एचएफ ५०, जर्सी २५ आणि गीर २५ टक्के आहे, त्यामागे हाच विचार होता. तुमच्या गाईचा टक्का माहीत नसेल तर जिनोमिक तपासणीतून तो काढता येतो, ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममध्ये गौ चिप या डीएनए तपासणीच्या चिपचं लोकार्पण झालं ती देशी आणि संकरित गाईंसाठीच आहे. एकट्या गाईसाठी हा खटाटोप करायची गरज नाही, पण गावात पैदाशीचे वळू किंवा कालवडी निवडायच्या असतील तर जरूर विचारा.

आता समोर उभ्या असलेल्या गाईचं. माजाची वेळ, कांडीचं तापमान, अंगावरचं मांस या तिन्ही गोष्टी नीट करून आणखी दोन माज द्या, वळू वेगळा, नात्यातला नाही, नेहमीची कांडी. प्रत्येक वेळी आधी ती गाभण नाही याची खात्री करा, कारण काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात आणि आत नळी घातली की चांगला गाभ जातो. डॉक्टर आले की त्यांच्या हातात वहीचं पान द्या, सोट स्वच्छ असूनही २१ व्या दिवशी उलटतेय की ३२ व्या, यावर त्यांचा उपचार बदलतो, बीज उशिरा सुटतंय की आत सूज आहे हे ते त्यावरून तपासतील. तरीही नाही राहिली आणि दूध खुराकाच्या खर्चाखाली आलं की तिला काढायचा निर्णय घ्या. तिच्या कालवडी मात्र केवळ आई उलटायची म्हणून काढू नका, आईच्या एकटीच्या नोंदीवरून फारच थोडं कळतं. त्यांच्या बापाचा नंबर काढा, त्याचा डीपीआर बघा, आणि त्यांना पहिली कांडी कुठली टाकायची ते आजच वहीत लिहून ठेवा.